साडेअकराचा यजमान : जॉनी कार्सन

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें राजे, सेनापति, मुत्सद्दी आणि फार झालें तर एखादा साधुसंत किंवा शास्त्रज्ञ उभा राहतो. ज्यानें लढाई जिंकली नाहीं, कायदा केला नाहीं, कीं नवा विचार जगाला दिला नाहीं. केवळ लोक निजण्यापूर्वीं त्यांना दोन घटका हंसविलें, अशा माणसाला इतिहासांत जागा द्यावी कीं नाहीं, हा प्रश्न आजच्या भाषणांत मी श्रोत्यांपुढें मांडणार आहें. २२ मे १९९२ च्या रात्रीं अमेरिकेंतील सुमारें पांच कोटि माणसें आपापल्या घरीं टेलिव्हिजनसमोर बसलीं होतीं. त्या रात्रीं निवडणुकीचा निकाल लागावयाचा नव्हता कीं युद्धाची वार्ता यावयाची नव्हती. केस पिकलेला, सडपातळ बांध्याचा, सहासष्ट वर्षांचा एक गृहस्थ पडद्यामागून आला, एका स्टुलावर बसला आणि जवळजवळ तीस वर्षांच्या सोबतीबद्दल आभार मानून त्यानें लोकांचा निरोप घेतला. त्या गृहस्थाचें नांव जॉनी कार्सन. एवढा मोठा जनसमुदाय एका विनोदी माणसाला निरोप देण्यासाठीं जागत बसतो, तेव्हां त्याच्या चरित्रांत त्या समाजाच्या चरित्राचाही कांहीं भाग दडलेला असला पाहिजे.

कार्सनचा अधिकार समजण्यासाठीं तो ज्या गादीवर बसला, त्या गादीची थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत टेलिव्हिजनचा प्रसार झपाट्यानें झाला. परंतु रात्रीं अकरानंतरचा वेळ हा पडीक जमिनीसारखा मानला जात असे. ही पडीक जमीन लागवडीस आणावी, ही कल्पना नॅशनल ब्रॉडकास्टिंग कंपनीचे अधिकारी सिल्व्हेस्टर वीव्हर यांची. २७ सप्टेंबर १९५४ रोजीं ‘टुनाइट’ हा कार्यक्रम त्या कंपनीच्या देशभरच्या केंद्रांवरून सुरू झाला. त्याचा पहिला यजमान स्टीव्ह ॲलन हा पियानो वाजविणारा, हजरजबाबी आणि प्रेक्षकांत मिसळून त्यांची थट्टा करणारा होता. त्याच्यामागून १९५७ सालीं जॅक पार आला. पार हा अतिशय भावनाशील मनुष्य. १९६० च्या फेब्रुवारींत त्याचा एक विनोद कंपनीनें परस्पर गाळला, म्हणून तो चालू कार्यक्रमांतून उठून गेला आणि सुमारें महिन्यानें परत आला. १९६२ च्या मार्चमध्यें मात्र त्यानें कायमचा निरोप घेतला.

या कार्यक्रमाची घडण आपणां महाराष्ट्रीयांस अगदींच परकी वाटूं नये. हरिदासाच्या कीर्तनाला जसा पूर्वरंग व उत्तररंग असतो, तसे या कार्यक्रमाचेही दोन भाग असत. आरंभीं यजमान एकटाच उभा राहून त्या दिवसाच्या घडामोडींवर पांचदहा मिनिटें विनोदी भाषण करी. नंतर तो मेजामागें जाऊन बसे आणि नट, गायक, लेखक, प्राण्यांचे रक्षक, कधीं शास्त्रज्ञ, तर कधीं खेड्यांतील एखादी छंदिष्ट आजीबाई, अशा पाहुण्यांशीं गप्पा मारी. साथीला वाद्यवृंद असे आणि शाहिराच्या मागें जसा झिलकरी, तसा यजमानाच्या बाजूला त्याचा निवेदक असे. कार्सनचा हा झिलकरी एड मॅकमहॉन. जॉनीचें नांव लांबवून उच्चारण्याची त्याची ललकारी एवढी लोकप्रिय झाली कीं, ती ऐकल्यावांचून कार्यक्रम सुरू झाला असें कोणास वाटत नसे. मात्र कीर्तनाचा आणि या कार्यक्रमाचा हेतु अगदीं भिन्न. कीर्तन माणसाला जागें करण्यासाठीं असतें. हा कार्यक्रम माणसाला शांत मनानें झोंपीं जातां यावें यासाठीं होता.

जॉन विल्यम कार्सन याचा जन्म २३ ऑक्टोबर १९२५ रोजीं आयोवा संस्थानांतील कॉर्निंग या लहानशा गांवीं झाला. वडील वीजकंपनींत नोकरीस होते. मुलगा आठ वर्षांचा असतांना हें कुटुंब नेब्रास्कांतील नॉरफोक या गांवीं येऊन स्थायिक झालें. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या हातीं जादूच्या खेळांचें एक पुस्तक पडलें. टपालानें साहित्य मागवून तो पत्त्यांचे हातखंडे खेळ तासन् तास घोटूं लागला. चौदाव्या वर्षीं ‘द ग्रेट कार्सोनी’ असें भारदस्त नांव धारण करून त्यानें गांवच्या रोटरी क्लबापुढें जादूचे प्रयोग केले आणि तीन डॉलर मिळविले. मुळांत हा मुलगा लाजाळू होता. चार माणसांत मिसळतांना त्याला जो संकोच वाटे, तो चारशें माणसांपुढें उभें राहतांना वाटत नसे. जादूगाराच्या हातांत पत्ते असतात. लोक पत्त्यांकडे पाहतात, त्याच्याकडे नव्हे. पुढें पत्त्यांची जागा विनोदानें घेतली. पण लोकांनीं आपल्याकडे पाहावें आणि तरीही आपण त्यांना सांपडूं नये, ही जादूगाराची रीत त्यानें जन्मभर सोडली नाहीं.

१९४३ सालीं तो आरमारांत दाखल झाला. प्रशांत महासागरांतील ‘पेनसिल्व्हेनिया’ या युद्धनौकेवर त्याची नेमणूक झाली. १२ ऑगस्ट १९४५ रोजीं त्या नौकेवर शत्रूचा टॉर्पेडो आदळून वीस खलाशी मृत्युमुखीं पडले आणि त्यानंतर लौकरच हा एकोणीस वर्षांचा अधिकारी तेथें रुजू झाला. सर्वांत कनिष्ठ म्हणून मृतदेह बाहेर काढण्याच्या कामावर देखरेख करण्याचें कर्तव्य त्याच्याकडे आलें. या अनुभवाचा त्यानें कधीं गाजावाजा केला नाहीं. आरमारखात्याचे मंत्री जेम्स फॉरेस्टल यांना आपण पत्त्यांचा खेळ करून दाखविला, ही आठवण मात्र तो आवडीनें सांगे. भयंकर तें झांकून ठेवावयाचें आणि गमतीचें तेवढें पुढें करावयाचें, हा त्याचा स्वभावच होता.

युद्धानंतर त्यानें नेब्रास्का विद्यापीठांत प्रवेश घेतला आणि १९४९ सालीं पदवी मिळविली. विनोद कसा रचावा व कसा सांगावा, हा त्याच्या प्रबंधाचा विषय होता. आणि हा प्रबंध कागदावर लिहिलेला नसून ध्वनिफितीवर मुद्रित केलेला होता! नामांकित विनोदी नटांच्या नभोवाणीवरील कार्यक्रमांतले उतारे घेऊन श्रोता कोठें हंसतो, कां हंसतो, वक्ता किती क्षण थांबतो, याचें त्यांत पृथक्करण केलें होतें. सहज बोलतो असें वाटणाऱ्या या माणसानें त्या सहजपणाचा असा शास्त्रशुद्ध अभ्यास केला होता.

पुढें ओमाहा येथील नभोवाणी केंद्रावर त्याला नोकरी मिळाली. तेथील एक गोष्ट सांगतात. प्रसिद्ध गायकगायिकांचीं उत्तरें मुद्रित केलेल्या तबकड्या त्या काळीं केंद्राकडे येत. सोबतच्या कागदावरील प्रश्न स्थानिक निवेदकानें वाचावयाचे, म्हणजे कलावंत प्रत्यक्ष केंद्रावर आला आहे असा भास होई. कार्सननें उत्तरें तींच ठेवलीं आणि प्रश्न मात्र बदलले! एका गायिकेनें आपण बालपणीं गाऊं कशी लागलों हें सांगितलें होतें. त्याच्या आधीं यानें मद्यपान कधींपासून सुरू केलें, असा प्रश्न घातला. त्याच गांवच्या टेलिव्हिजनवर त्यानें न्यायकचेरीच्या छपरावरील पारव्यांची ‘मुलाखत’ घेतली आणि खालीं चालणाऱ्या लांचलुचपतीबद्दल त्यांची साक्ष काढली. या पोरकट वाटणाऱ्या खोड्यांत त्याच्या पुढील कलेचें बीज आहे. प्रतिष्ठेचें सोंग त्याला चटकन् ओळखूं येई आणि टांचणी टोंचून तें फोडतांना त्याचा स्वतःचा चेहरा अगदीं निरागस राही.

१९५१ सालीं तो लॉस एंजेलिस येथें गेला. तेथें त्यानें ‘कार्सन्स सेलर’ नांवाचा एक लहानसा कार्यक्रम चालविला आणि रेड स्केल्टन या विख्यात विनोदी नटाकडे लेखकाचें काम धरलें. १९५४ च्या ऑगस्टमध्यें एके दिवशीं तालमीच्या वेळीं, सहज मोडावा असा केलेला दरवाजा मोडला नाहीं आणि स्केल्टन बेशुद्ध पडला. कार्यक्रमाला अवघा थोडा वेळ उरला असतां कार्सनला बोलावणें आलें आणि त्यानें ती वेळ उत्तम रीतीनें निभावून नेली. या बळावर १९५५ सालीं कोलंबिया कंपनीनें त्याच्या स्वतःच्या नांवाचा कार्यक्रम सुरू केला. परंतु तो वर्षभरांतच बंद पडला. अपयशाचा हा धडा त्याच्या मनावर कायमचा कोरला गेला. ज्याच्या त्याच्या सल्ल्याप्रमाणें कार्यक्रम वळवीत गेल्यास शेवटीं तो कोणाचाच राहत नाहीं, हें त्याला कळून चुकलें. १९५७ सालीं न्यूयॉर्कमध्यें त्याला प्रश्नोत्तरांचा एक कार्यक्रम मिळाला. बक्षिसें नाममात्र होतीं. सारी गंमत सामान्य माणसांशीं बोलण्यांत होती. एड मॅकमहॉनशीं त्याची जोडी येथेंच जमली. पांच वर्षें तो रोज अनोळखी माणसांना बोलतें करीत होता.

पार गेल्यावर ती जागा कार्सनला देऊं केली तेव्हां तो प्रथम कचरला. शिवाय जुन्या कराराची मुदत संपावयाची होती. म्हणून सहा महिने निरनिराळ्या पाहुण्या यजमानांनीं गाडा ओढला. अखेर १ ऑक्टोबर १९६२ रोजीं ग्राउचो मार्क्सनें प्रेक्षकांशीं त्याची ओळख करून दिली आणि कार्सन गादीवर बसला. पहिल्याच रात्रीं जोन क्रॉफर्ड, रूडी व्हॅली, टोनी बेनेट आणि मेल ब्रूक्स हे त्याचे पाहुणे होते.

त्याची कला कोणत्या गुणांत होती, हें थोडक्यांत सांगावयाचें तर दोन गोष्टी सांगाव्या लागतील. पहिली, पडलेला विनोद उचलण्याची हातोटी. विनोद साधला नाहीं म्हणजे इतर विनोदकार गडबडतात. कार्सन त्या फजितीलाच विनोदाचा विषय करी. तो नुसता टाय सावरी, प्रेक्षकांकडे केविलवाणें पाही, आणि मघाशीं न हंसलेले लोक आतां खदखदून हंसत. दुसरी, गप्प बसण्याची कला. १९६५ सालीं एड एम्स हा नट कुऱ्हाड फेकण्याचें कौशल्य दाखवीत होता. लांकडावर रेखाटलेल्या पुरुषाकृतीच्या नेमक्या अवघड जागीं ती कुऱ्हाड जाऊन रुतली. प्रेक्षागृहांत हंशाचा पूर लोटला. लाजलेला एम्स ती काढण्यास निघाला असतां कार्सननें त्याचा हात धरून त्याला मागें ओढलें आणि हंसें आपोआप ओसरूं दिलें. तें ओसरतांच त्यानें एकच वाक्य टाकलें, आणि पुन्हां तोच पूर लोटला. योग्य शब्द पुष्कळांना सुचतो. तो किती वेळ अडवून धरावा हें थोड्यांना कळतें. पाहुण्यांच्या बाबतींतही हेंच. पाहुणा चमकला तर यजमानाचा कार्यक्रम चांगला झाला, हें साधें गृहस्थधर्माचें तत्त्व त्यानें पाळलें.

१९७२ च्या मे महिन्यांत हा कार्यक्रम न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियांतील बरबँक येथें गेला. त्याच्याबरोबर अमेरिकेंतील विनोदकारांचें तीर्थक्षेत्रही हललें. तरुण कलावंतांनीं लॉस एंजेलिसचा रस्ता धरला. कारण कार्सनपुढें पांच मिनिटें उभें राहावयास मिळणें म्हणजे धंद्याचा परवाना मिळण्यासारखें होतें. प्रयोग संपल्यावर कार्सननें अंगठा व तर्जनी जुळवून खूण केली तर उत्तम. आणि हात हालवून कोचावर बोलावलें तर मग पाहावयासच नको. फ्रेडी प्रिन्झ, डेव्हिड लेटरमन, जेरी साइनफेल्ड यांचीं नशिबें याच खुणेनें उघडलीं. १९८६ सालीं एलेन डीजेनेरिस हिला पहिल्याच खेपेस कोचाचा मान मिळाला. तो मिळविणारी ती पहिली स्त्री विनोदकार. परंतु या वैभवाला एक काळी बाजूही होती. ज्या विनोदगृहांत कार्सनचे पारखी येऊन बसत, तेथें हे तरुण फुकट खपत. दृष्टीस पडणें हेंच वेतन समजावें, अशी तेथील रीत होती. १९७९ सालीं लॉस एंजेलिसच्या ‘कॉमेडी स्टोअर’मधील विनोदकारांनीं संप केला, तेव्हां कोठें त्यांच्या कामाला दाम मिळूं लागलें. कलेचा दरवाजा एकच असला म्हणजे दाराशीं उभ्या असलेल्यांची अशीच पिळवणूक होते, मग दरवाज्याच्या आंत बसलेला माणूस कितीही सज्जन असो.

आतां आपण या चरित्रांतील सर्वांत वादग्रस्त प्रश्नाकडे येतों. कार्सनचीं तीस वर्षें म्हणजे अमेरिकेच्या इतिहासांतील मोठ्या खळबळीचा काळ. केनेडींचा खून, व्हिएटनामचें युद्ध, कृष्णवर्णीयांच्या हक्कांचा लढा, वॉटरगेट प्रकरण, हें सारें त्याच्या कारकीर्दींत घडलें. आणि या सर्व काळांत कार्सनचें स्वतःचें राजकीय मत काय होतें, हें प्रेक्षकांना कधीं कळलें नाहीं. तो निक्सनची थट्टा करी, कार्टरची करी आणि रेगनचीही करी. १९७९ सालीं माइक वॉलेस या पत्रकारानें त्याला याबद्दल छेडलें, तेव्हां त्याचें म्हणणें असें पडलें कीं, हंसविण्यासाठीं मिळालेल्या व्यासपीठाचा उपयोग लोकांचीं मतें वळविण्याकडे करूं लागलों, तर आपणच फार मोठे आहों असा भ्रम होण्याचा धोका आहे.

ही तटस्थता भित्रेपणाची होती, असें कित्येकांचें मत आहे. परंतु एक गोष्ट त्यांनीं विसरूं नये. १९६८ च्या फेब्रुवारींत कार्सननें आपली जागा एक आठवडाभर हॅरी बेलाफॉन्टे या कृष्णवर्णीय गायकाला दिली. त्या आठवड्यांत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी हे दोघेही पाहुणे म्हणून आले. ज्या काळीं दक्षिणेंतील कित्येक गांवांत कृष्णवर्णीय माणसाला शेजारीं बसविणें संकटाचें होतें, त्या काळीं त्यानें रोज रात्रीं लाखों घरांत यजमान म्हणून प्रवेश केला. पुढें चार महिन्यांच्या आंत किंग आणि केनेडी हे दोघेही मारेकऱ्यांच्या गोळीला बळी पडले. कार्सननें स्वतः कांहीं बोलण्याचें टाळलें. पण ज्याला बोलावयाचें होतें त्याला त्यानें आपली खुर्ची दिली. मौन हेंही एक प्रकारचें मतच असतें, असें आपण म्हणतों. मग मोकळी करून दिलेली खुर्ची हें त्याहून थोडें अधिक बोलकें मत मानावयास काय हरकत आहे?

आपल्या शब्दाचें सामर्थ्य किती आहे, याचा एक विलक्षण दाखला त्याला १९७३ च्या डिसेंबरांत मिळाला. तेलाच्या टंचाईमुळें लोक आधींच धास्तावलेले होते. विस्कॉन्सिनच्या एका लोकप्रतिनिधीनें शौचकूपांतील कागदाचीही टंचाई होण्याचा संभव वर्तविला होता. कार्सननें त्यावर एक साधा विनोद केला. दुसऱ्या दिवशीं लोकांनीं दुकानांवर धाड घातली आणि जो तुटवडा नव्हता तो खरोखरच निर्माण झाला! त्याला पुढें खुलासा करून लोकांना शांत करावें लागलें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मनःशक्तीनें चमचे वांकवितों असें म्हणणारा यूरी गेलर पाहुणा म्हणून आला. जुना जादूगार असलेल्या कार्सननें जेम्स रँडी या जादूगाराचा सल्ला घेऊन सर्व वस्तु स्वतःच्या मांडल्या आणि गेलरच्या माणसांना त्यांना हात लावूं दिला नाहीं. गेलरला कांहींच करतां आलें नाहीं. कार्सननें त्याचा उपहास केला नाहीं. तो नुसता वाट पाहत बसला. तेंच पुरेसें झालें. कार्ल सेगन यांच्यासारख्या ज्योतिर्विदाला त्यानें वारंवार बोलावलें, यामागेंही हीच वृत्ति होती. खोट्याचा त्याला तिटकारा होता, आणि आकाशातील तारे हा त्याच्या आवडीचा विषय होता.

व्यवहारांत मात्र हा सौम्य यजमान कठोर होता. १९६७ सालीं कलावंतांचा संप चालूं असतां कंपनीनें त्याचे जुने कार्यक्रम पुन्हां दाखविले. त्यामुळें करार मोडला, असें सांगून तो घरीं बसला आणि अधिक चांगल्या अटींवर परतला. १९८० सालच्या करारानें कार्यक्रम नव्वद मिनिटांऐवजीं साठ मिनिटांचा झाला आणि त्याची मालकीही कार्सनकडे आली. जोन रिव्हर्स हिच्याशीं झालेलें त्याचें वितुष्ट तर सर्वश्रुत आहे. १९६५ सालीं त्यानेंच तिला पुढें आणलें आणि १९८३ पासून ती त्याच्या गैरहजेरींत कायमची यजमान झाली. परंतु संभाव्य वारसांच्या यादींत आपलें नांव नाहीं असें तिला कळलें, असें तिचें म्हणणें. १९८६ सालीं तिनें दुसऱ्या कंपनींत स्वतःचा रात्रीचा कार्यक्रम पत्करला. ही बातमी तिच्याकडून न कळतां परस्पर कळली, म्हणून कार्सननें मरेपर्यंत तिच्याशीं एक शब्दही बोलला नाहीं, अशी या स्नेहाची अखेर झाली. स्पर्धेला उतरलेले पुरुष त्याच्याकडून एवढा रोष ओढवून घेत नसत, असें रिव्हर्स पुढें म्हणत असे; आणि या तक्रारींत तथ्य नाहीं असें म्हणणें कठीण आहे.

त्याचें खाजगी जीवनही सुखाचें नव्हतें. चार विवाह झाले, त्यांपैकीं तीन मोडले. मद्यामुळें आपला तोल जातो, हें तो स्वतःच कबूल करी. १९९१ च्या मे महिन्यांत त्यानें पुढील वर्षीं निवृत्त होण्याचें अकस्मात् जाहीर केलें आणि पुढच्याच महिन्यांत त्याचा एक मुलगा मोटारीच्या अपघातांत दगावला. कामावर परतल्यावर एके रात्रीं कार्यक्रमाच्या अखेरीस त्यानें मुलानें काढलेलीं निसर्गाचीं छायाचित्रें प्रेक्षकांना दाखविलीं. तीस वर्षांत आपलें अंतःकरण त्यानें लोकांपुढें इतकें उघडें केल्याचे प्रसंग फार थोडे.

एक मोठी हानि येथें सांगितली पाहिजे. न्यूयॉर्कमधील पहिल्या दहा वर्षांचे बहुतेक कार्यक्रम आज अस्तित्वांत नाहींत. त्या काळीं चित्रफीत महाग असे, म्हणून कंपनीनें जुने कार्यक्रम पुसून त्याच फिती पुन्हां वापरल्या. बेलाफॉन्टेच्या त्या आठवड्याचाही बहुतेक भाग असाच नाहींसा झाला. १ ऑक्टोबर १९६२ च्या पहिल्या रात्रीचें चलच्चित्र उरलेलें नाहीं. उरला आहे तो केवळ आवाज. टेलिव्हिजनच्या सर्वांत यशस्वी यजमानाची पहिली रात्र आज आपणांस नभोवाणीसारखीच ऐकावी लागते! पुढें कार्सन सावध झाला. त्याच्या संग्रहांतील फिती कॅन्सस संस्थानांत जमिनीखालच्या मिठाच्या खाणींत जतन करून ठेवण्यांत आल्या. पण जें गेलें तें गेलें. राजांचीं फर्मानें ताम्रपटांवर कोरून ठेवणारा मनुष्यप्राणी आपलें रोजचें हंसणें मात्र क्षुल्लक समजून पुसून टाकतो. अमुक सालीं कोणता कायदा झाला हें आपणांस सांगतां येतें. परंतु त्या सालीं सामान्य माणूस रात्रीं कशाला हंसत होता, हें सांगणें कठीण जातें.

निवृत्तीनंतर कार्सन जवळजवळ अदृश्य झाला. मानसन्मान त्यानें स्वीकारले, पण पुन्हां कार्यक्रम करण्याचीं आमंत्रणें नाकारलीं. वर्तमानपत्र वाचतां वाचतां त्याला विनोद सुचत, ते तो गुपचूप डेव्हिड लेटरमनकडे पाठवून देई. जन्मभर केलेल्या धूम्रपानामुळें त्याचीं फुफ्फुसें निकामी झालीं होतीं. २३ जानेवारी २००५ रोजीं लॉस एंजेलिस येथें, वयाच्या ७९ व्या वर्षीं, त्याचा अंत झाला. लेटरमननें त्यानंतरच्या आपल्या पहिल्या कार्यक्रमांत जें प्रारंभींचें भाषण केलें, तें सर्व कार्सननें पाठविलेल्या विनोदांचें होतें. प्रेक्षकांना हें ठाऊक नव्हतें. ते नेहमींप्रमाणें हंसले. जादूगारानें मृत्यूनंतरही एक खेळ करून दाखविला!

त्याच्यामागून ती गादी एकसंध राहिली नाहीं. जे लेनो टुनाइटचा यजमान झाला. लेटरमन १९९३ सालीं प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेला. वाहिन्या वाढल्या, मोबाईल आले, ज्याचा त्याचा पडदा निराळा झाला. २०२५ च्या जुलैमध्यें कोलंबिया कंपनीनें, लेटरमनसाठीं सुरू झालेला आपला रात्रीचा कार्यक्रम २०२६ च्या मे महिन्यांत बंद करण्याचें जाहीर केलें आणि त्याचें कारण पैशाचें सांगितलें. आतां एकाच रात्रीं सारा देश एकच विनोद ऐकून निजेल, ही गोष्ट संभवनीय राहिलेली नाहीं.

हें बरें कीं वाईट, याचा निर्णय श्रोत्यांनीं करावा. एका माणसाच्या खुणेवर शेंकडों कलावंतांचें भवितव्य अवलंबून असावें, ही कांहीं आदर्श स्थिति नव्हे. आज दरवाजे पुष्कळ आहेत, हा लाभच आहे. परंतु ज्या देशांत मालक आणि मजूर, गोरे आणि काळे, युद्धाचे पुरस्कर्ते आणि विरोधक दिवसभर एकमेकांवर दांत खात होते, तेथें रात्रीं साडेअकरा वाजतां तींच माणसें एकाच वेळीं हंसत होतीं, हेंही खरें आहे. बरोबर हंसलेलीं माणसें दुसऱ्या दिवशीं एकमेकांशीं भांडतात; पण तीं एकमेकांना अगदीं परकीं मानूं शकत नाहींत. जॉनी कार्सननें कोणताही पंथ स्थापन केला नाहीं. सर्वांना बसतां येईल एवढी एक ओसरी मात्र त्यानें तीस वर्षें झाडून स्वच्छ ठेवली. ओसरीचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. पण घर म्हणून जें कांहीं असतें, त्याची ओळख पुष्कळदां तेथेंच पटते.